ताण कुठून सुरू होतो?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६२ ते ६४.

परवा दुपारी मॅनेजर मला एवढंच म्हणाले, ‘प्रमोशनचं उद्या बोलू.’ संध्याकाळी लोअर परळहून लालबागला चालत निघालो. करी रोडचा पूल येईपर्यंत मनात अख्खी गोष्ट तयार : आपलं नाव गळलं, हप्ते अडकले, बरोबरचे पुढे गेले. घरी आईने विचारलं, ‘जेवणार ना रे?’ मी तिच्यावर ओरडलो. ती काही बोलली नाही. ताट झाकून आत गेली.

रात्री हे श्लोक काढून बसलो. सिस्टम बंद पडली की आपण लॉग उलटा वाचत मूळ शोधतो ना, तसंच वाचलं. शेवटी बुद्धिनाश. त्याआधी स्मृतिभ्रंश, म्हणजे समोर कोण उभं आहे याचाच विसर. त्याआधी संमोह, क्रोध, काम, संग. आणि अगदी सुरुवातीला? ध्यान! विषय मनात घोळवत राहणं. ध्यान देवाचंच लागतं असं नाही. मी दिवसभर प्रमोशनचं ध्यान करत होतो, तेही एकाग्रतेने.

मग सगळा ताण मनाचाच खेळ का? नाही. माझे आजोबा गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांची मजुरी थांबली. चुलीची चिंता खरीच होती. गीतासुद्धा युद्ध समोर उभं असतानाच सांगितली गेली. ती संकट नाकारत नाही. आई सांगते, आजोबा सकाळी मिळेल त्या कामाला जायचे आणि रात्री चाळीतल्या भजनात टाळ घेऊन बसायचे. संकट होतंच, पण ते घोळवत बसायला मन रिकामं ठेवलं नाही.

६४ व्या श्लोकात भगवंत सांगतात : विषयांत वावरतानाही जो रागद्वेषात अडकत नाही, त्याला ‘प्रसाद’ मिळतो, म्हणजे मनाची प्रसन्नता.

म्हणून आता पुलावर एकच प्रश्न विचारतो : यातलं आज रात्री माझ्या हातात काय आहे? असेल ते लिहून ठेवतो. नसेल तर घरापर्यंत नामस्मरण. मन पुन्हा पळतं, पुन्हा आणतो.

प्रमोशनचं काय झालं? ते मुद्दाम सांगत नाही. काहीही झालं असतं तरी त्या रात्रीचं ताट झाकलेलंच राहिलं. सकाळी आईची माफी मागितली. ती म्हणाली, ‘आधी चहा घे.’

मला तोच प्रसाद.

राम कृष्ण हरी!