सुखाचा हक्क आणि १९ मार्च



काही वर्षांपूर्वी मिस्सा संपल्यावर खेड्यावरची एक भगिनी थांबली होती. तिचा नवरा कर्जापायी जीव देऊन गेला होता. पुतणीच्या हळदीत ही मोकळेपणाने हसली, तर नात्यातल्या बायांनी नाके मुरडली. "फादर, आम्ही आता कधी हसूच नये का जी?" तिने विचारले. मी घाईत होतो. दोन शब्द दिलासा दिला आणि पुढे गेलो. उत्तर द्यायचे राहिले.

"मला सुखी होण्याचा हक्क आहे," हे वाक्य हल्ली टीव्हीवरच्या मालिकांपासून घरापर्यंत सगळीकडे ऐकू येते. बायकोला सोडणारा ते म्हणतो, म्हाताऱ्या आईला भावाच्या गळ्यात टाकणाराही म्हणतो. परंतु हक्क म्हटला की देणेकरी आला. मजुरी मालकाकडे मागता येते. सुख कोणाकडून वसूल करायचे?

पोप जॉन तेविसावे यांनी ११ एप्रिल १९६३ रोजी जगातील शांतीविषयी परिपत्रक काढले. त्यात माणसाच्या हक्कांची यादीच आहे : जीवन, अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी, विश्रांती, आणि आजारपणात, म्हातारपणात, वैधव्यात आधार. त्या यादीत सुख नाही. वैधव्यातला आधार मात्र आहे! सुखाची ओढ परमेश्वरानेच आपल्या अंतःकरणात ठेवली आहे, आणि ती पुरी करणे हे त्याचे दान आहे. दानावर दावा सांगता येत नाही. भाकरीवर सांगता येतो.

हा फरक आपण विसरतो आणि दुःखिताला म्हणतो, "सोस बाई, स्वर्गात मिळेल." प्रभू येशूने डोंगरावर शोक करणाऱ्यांना धन्य म्हटले, कारण त्यांचे सांत्वन होणार आहे. ते सांत्वन करायला आपण जायचे की नाही? याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय घरी उघडून पाहा. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असे तिथे लिहिले आहे. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्यांची मजुरी थकवणारे कोण, ते ज्याचे त्याने पाहावे.

१९ मार्च हा संत योसेफांचा सण. हातांनी कष्ट करून कुटुंब पोसणारा हा संत. १९८६ साली याच दिवशी आपल्या जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी व चार मुलांसह जीवनयात्रा संपवली. शेतकऱ्याचे जगणे अशक्य झाले आहे, असे त्यांनी लिहून ठेवले होते. ते सुखाचा हक्क मागत नव्हते, त्याच्या कितीतरी अलीकडचे मागत होते. त्यांच्या स्मरणार्थ २०१७ पासून या दिवशी अनेक लोक अन्नत्याग करतात.

त्या निरागस लेकरांचा विचार आला की मला मिस्सेतही बोलवत नाही. जीवन देवाचे आहे, ते आपण संपवू नये, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहेच. पण तीव्र यातना व भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते आणि अशा व्यक्तींच्या तारणाची आशा सोडू नये, हेही ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात सांगितले आहे. तेव्हा अशा घराकडे बोट दाखवू नका. आणि ज्याच्या मनात असा अंधार दाटला असेल, त्याने अपरात्रीसुद्धा माझे दार ठोठवावे.

त्या भगिनीला आता सांगतो : बाई, खुशाल हसा. तुमचे हसू देवाने दिलेले आहे, त्यासाठी नातेवाइकांची परवानगी लागत नाही. आणि रेशन, पेन्शन, सातबारावर नाव हा तुमचा हक्क आहे. त्यासाठी तहसीलला एकटीने खेटे घालू नका.

संत योसेफांच्या सणाच्या मिस्सेत आपण करपे कुटुंबासाठी प्रार्थना करू. ज्यांना जमेल त्यांनी त्या दिवशी एक वेळचे जेवण सोडावे आणि तेवढे धान्य वेदीजवळच्या टोपलीत टाकावे. कोणाचे कागद अडले असतील, तर त्यांनी ते सोबत आणावेत. तहसीलला जाणाऱ्यांबरोबर मी स्वतः येईन.

आपला,
फादर