धूर, अग्नी आणि देवाची आज्ञा

सज्जनहो, कापसावर गुलाबी बोंडअळी पडली ते २०१७ साल आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. पुढल्या कार्तिकात राळेगावकडील एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन होते. व्रतभंगाचे फळ सांगता सांगता आम्ही भरात बोलून गेलो, की ज्या घरात एकादशी मोडते त्या घराचे बरे होत नाही. कीर्तन आटोपले. बुक्का लावून घ्यायला एक बाई पुढे आली. हळूच म्हणाली, “महाराज, आमच्या मालकानं त्या साली एकादशी सोडली होती. त्याच्यानंच असं झालं का?” कर्जापायी नवऱ्याने जीव दिला होता. आम्ही नुसते ‘पांडुरंग, पांडुरंग’ म्हणालो आणि नजर चुकवली.

आज्ञाभंगाचे फळ काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागला. आपले ग्रंथ चाळले, तशी एक परधर्माची पोथीही काढली. ख्रिस्ती उपदेशक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळात निघाली. १९८३ मध्ये ती पुण्यास गेली. आम्ही पोरसवदा असताना तिथल्या एका विद्यार्थ्याने आम्हांस मराठी बायबल दिले होते. त्यातील कथा मराठीला नव्या नाहीत. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने त्या ओवीबद्ध केल्या. ते क्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले.

आदाम आणि हव्वा यांनी मना केलेले फळ खाल्ले. बाग सुटली, घाम गाळून भाकर मिळवणे आले, मरण आले. परंतु त्याआधी काय घडले ते पाहावे. ते दोघे झाडांआड लपले. शिक्षा मागून आली, दुरावा आधी पडला. आणि देव काय करतो? हाक मारून त्यांचा ठाव विचारतो. बाहेर घालवतानाही अंगावर घालायला कातड्याची वस्त्रे करून देतो. योना आज्ञा टाळून जहाजातून पळाला. वादळ झाले, माशाच्या पोटात तीन दिवस काढावे लागले. सुटल्यावर तीच आज्ञा त्याला पुन्हा झाली.

तेव्हा आज्ञाभंगाला फळ आहे, हे त्यांचे शास्त्र सांगते आणि आपलेही. येथेच आमच्यासारखा उपदेशक घसरतो. त्याच बायबलात ईयोबाचे आख्यान आहे. भला माणूस, गुरेढोरे गेली, लेकरे गेली, अंगभर फोड उठले. तीन मित्र सांत्वनाला आले आणि म्हणू लागले, तुझ्या हातून पाप घडले असलेच पाहिजे. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर! त्यांनी होम करावा आणि ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, असे त्याने सांगितले.

पाठशाळेत तर्कसंग्रह शिकताना गुरुजींनी आम्हांस हेच पढवले होते. धूर तेथे अग्नी खरा. पण अग्नी तेथे धूर असेलच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. तद्वत् आज्ञाभंग तेथे दुःख हे मानले, तरी दुःख तेथे आज्ञाभंग हे सिद्ध होत नाही. चाळीस वर्षे कीर्तन केले आणि पहिल्या पुस्तकातला धडा विसरलो!

मग देवाची आज्ञा मोडली कोणी? ती बाई लपली नव्हती. भर सप्ताहात पुढे येऊन विचारत होती. लपलो ते आम्ही. देवाने न सांगितलेले देवाच्या नावावर, नारदाच्या गादीवर उभे राहून सांगितले.

पुढल्या महिन्यात मुद्दाम त्या गावी गेलो. म्हटले, “माय, त्या दिवशी आमचं बोलणं चुकलं. अळीचा नि कर्जाचा दोष आम्ही तुमच्या मालकावर घातला. आमच्यासाठी पांडुरंगाला हात जोडा.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून चहा टाकला, आणि निघताना म्हणाली, “जोडीन, महाराज.”

सज्जनहो, आपल्या दुःखात आपली चूक शोधावी, त्याला अनुताप म्हणतात. दुसऱ्याच्या दुःखात ती शोधायला जाऊ नये. तेथे जाऊन नुसते बसावे, काही लागले सवरले तर पाहावे. पांडुरंग हरि.