परिचारिकेचा सब्र आणि इतरांचे कर्तव्य

रुग्णालयांच्या व्यवस्थापनात अलीकडे ‘मानसिक भांडवल’ हा शब्दप्रयोग रूढ होत आहे. अमेरिकन अभ्यासक फ्रेड लुथान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे चार घटक मानले आहेत : आशा, स्वतःच्या क्षमतेवरील विश्वास, आशावाद आणि आघातानंतर पुन्हा उभे राहण्याची ताकद. ही बळे शिकवून वाढविता येतात. ती वाढली की परिचारिकेचे मन निरोगी राहते व तिचे कामावरील वर्तनही सुधारते, असा त्यामागचा विचार आहे. मुस्लिम वाचकाला येथे सब्र व तवक्कुल आठवणे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच, की दुसऱ्याकडून सब्राची अपेक्षा करण्याचा अधिकार कोणाला, आणि कोणत्या अटीवर?

अरबीत सब्र या शब्दाच्या मुळाशी रोखून धरण्याचा अर्थ आहे. एका खाटेजवळ नातेवाइकांचे अपशब्द ऐकून घेतलेली परिचारिका पुढच्या खाटेजवळ जाते, रुग्णाचे नाव व औषधाची मात्रा पुन्हा तपासते आणि मगच सुई टोचते. मागच्या खाटेवरचा राग तिने पुढच्या रुग्णापर्यंत पोहोचू दिलेला नसतो. हा सब्र होय. अन्याय मुकाट्याने सोसणे आणि सब्र यांची आपल्याकडे फार गल्लत होते.

या सेवेला इस्लाममध्ये जुना मान आहे. खंदकच्या युद्धात, हिजरी सन 5 मध्ये, हजरत सअद बिन मुआज (रजि.) जखमी झाले. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांच्याकडे त्यांना ठेवण्यात आले. त्यांचा तंबू प्रेषितांच्या मस्जिदीतच होता. प्रेषित मुहम्मद (स.) सअद यांच्या प्रकृतीची विचारपूस करण्यास स्वतः जात असत.

परंतु सेवा कितीही थोर असली तरी सेवकाच्या देहाचा हक्क बुडत नाही. हजरत अबू दरदा (रजि.) दिवसा रोजे व रात्रभर नमाज यांत मग्न राहू लागले, तेव्हा हजरत सलमान (रजि.) यांनी त्यांना जेवू घातले, झोपण्यास भाग पाडले आणि स्वतःच्या जिवाचा व कुटुंबाचाही हक्क असल्याची जाणीव दिली. प्रेषितांनी (स.) सलमान यांचे म्हणणे खरे ठरविले. इबादतीलाही जिथे ही मर्यादा आहे, तिथे सलग दोन पाळ्या करावयास लावणाऱ्या व्यवस्थापनाने ‘सेवाभाव’ हा शब्द जपूनच उच्चारावा.

हाताखालच्या माणसावर त्याच्या शक्तीबाहेरचे ओझे टाकू नये, आणि टाकलेच तर स्वतः हात लावावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण गुलामांच्या मालकांना उद्देशून होती. परिचारिका तर स्वतंत्र नोकरदार आहे. तिचा दावा त्याहून बळकट ठरतो. मनोबलाचे वर्ग अवश्य भरवावेत. मात्र ज्या वॉर्डात रात्री एकच परिचारिका असते, तेथे दुसरी नेमणे हे पहिले कर्तव्य. ते टाळून तिला आशावाद शिकविणे म्हणजे स्वतःची जबाबदारी तिच्या गळ्यात घालणे होय.

यात केवळ रुग्णालयच दोषी आहे असे नाही. खाटेभोवती दहा जणांनी गर्दी करायची, सलाईन संपले की ओरडायचे, हे आपणच करतो. आणि आपल्याच घरातली परिचारिका झालेली मुलगी किंवा सून रमजानमध्ये रात्रपाळी करून परतते, तेव्हा इफ्तारीची तयारी तिची वाट पाहत असते. तिच्या खोलीचे दार लोटून घ्यावे, मुलांना बाहेर न्यावे, आणि त्या दिवशीची भजी दुसऱ्या कोणी तळावीत.