प्रायव्हेट बीच

बॉब मार्ली, बोल्ट आणि गेल. जमैकाबद्दल आम्हा मित्रांना एवढंच माहीत होतं. तरी पैसे साठवून ट्रिप ठरवत होतो. मॉन्टेगो बेमधलं एक रिसॉर्ट आवडलं. खाणं-पिणं सगळं पॅकेजमध्ये, वर 'प्रायव्हेट बीच'. मी लगेच ग्रुपवर लिंक टाकली.

रात्री मात्र तो शब्द डोक्यात घोळत राहिला. समुद्र खासगी कसा असतो? शोधलं तेव्हा कळलं, की १९५६ साली, म्हणजे ब्रिटिश राजवटीत, तिथे 'बीच कंट्रोल ॲक्ट' झाला. किनाऱ्यावरचे हक्क राजसत्तेकडे गेले. सामान्य माणसाला किनाऱ्यावर जाण्याचा, पोहण्याचा सरसकट हक्क उरला नाही. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला, कायदा राहिला. बार्बाडोसही कॅरिबियनमधलंच बेट, पण तिथले किनारे कायद्याने सर्वांचे आहेत.

'मग जाऊच नका' हे उत्तर सोपं आहे. पण पर्यटनावर तिथल्या कित्येक घरांची चूल पेटते आणि आपण न गेल्याने कुणाला समुद्र परत मिळत नाही. प्रश्न माझ्याबद्दलचा होता. मला शांतता हवी होती, की इतरांची गैरहजेरी? खरं सांगायचं तर दुसरी गोष्ट. गर्दी नको म्हणताना मी माणसंच नको म्हणत होतो, तीही त्यांच्याच बेटावर.

सकाळी दुसरी लिंक टाकली: साधं गेस्टहाऊस, जवळ सार्वजनिक किनारा.

"गर्दी असेल ना रे?" मित्राने विचारलं.

"असेल," मी लिहिलं. "त्यांचाच समुद्र आहे."