होडीतला विसावा

शास्त्रपाठ : मार्क ६:३०-४६



नाताळ आटोपला, नव्या वर्षाची उपासना झाली, आणि आमच्या कडोदऱ्याच्या चाळीत पुन्हा पाळ्यांची धावपळ सुरू झाली. ज्यांनी हे गाव पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो : मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि सुरतेहून बारडोली, नवापूरवरून धुळ्याकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, तेथे हे वसले आहे. भोवती कापडाच्या मिला व रंगाईचे कारखाने. खानदेशातून पोटासाठी आलेली माणसे येथे बारा-बारा तास उभी राहतात. रात्री दोन वाजताही ट्रकांचा आवाज थांबत नाही. अशा ठिकाणी ‘एकांत’ हा श्रीमंतांचा शब्द वाटतो.

या डिसेंबरात घरोघरची कॅरल, शब्बाथ शाळेचे नाटक, तीन ठिकाणी संदेश, शिवाय नोकरी. नाताळाच्या आदल्या रविवारी पाठांतर विसरलेल्या एका लहान मुलीवर मी असा ओरडलो की ती रडू लागली. आणि वचन कोणते? देवदूत मेंढपाळांची भीती घालवतो ते! घरी आल्यावर पत्नी म्हणाली, “अहो, लोकांना प्रार्थना करा म्हणता, तुम्ही एकट्याने शेवटची कधी केलीत?” मला उत्तर देता येईना. मंडळीपुढे उभे राहून केलेल्या पुष्कळ होत्या.

म्हणून हा भाग पुन्हा काढून वाचला. शिष्य सेवेवरून परतले आहेत. आपण काय केले, काय शिकवले, सारे प्रभूला सांगत आहेत. माणसांची ये-जा इतकी की जेवायलाही सवड नाही. तेव्हा प्रभू त्यांना आणखी काम नेमून देत नाही. तो त्यांना एकांती चलायला व विसावा घ्यायला सांगतो. हा विसावा शिष्यांनी मागितलेला नाही, हे ध्यानात घ्या. आपल्यातील कित्येक सेवकांना, विशेषतः भगिनींना, घटकाभर बसले तरी अपराध केल्यासारखे वाटते. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयालाही देवाने आधी झोप व भाकर दिली, उपदेश नंतर.

शिकवताना आपण येथून थेट पाच भाकरी व दोन माशांकडे धावतो. मुलांना तेच आवडते. पण रानातला विसावा शिष्यांना मिळालाच नाही! लोक किनाऱ्याकिनाऱ्याने धावत त्यांच्या आधी तेथे पोहोचले. मिळाला तो होडीतल्या वाटेवरचा. भोवती पाणी आणि जवळ प्रभू. उतरल्यावर पाहतात तो लोकसमुदाय! प्रभूला त्यांचा राग आला नाही, कळवळा आला. मला मात्र त्या लेकराचा राग आला होता. मी होडीत बसलोच नव्हतो.

येथे पंडिता रमाबाईंची आठवण होते. १८९३ साली धर्मांतराच्या वादामुळे पालकांनी शारदा सदनातून मुली काढून नेल्या होत्या. पुढे एप्रिल १८९६ मध्ये त्या आपल्या पंधरा मुलींना घेऊन लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्याला गेल्या. एका पहाटे त्या एकट्याच झाडीत शांत जागी जाऊन बसल्या व त्यांनी सूर्य उगवताना पाहिला, असे त्यांनी आपल्या साक्षीत लिहिले आहे. तेथे त्यांनी पंधराच्या पंधरापट, म्हणजे २२५ आत्मिक लेकरे देवाजवळ मागितली. त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि त्यांनी तेथून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यांतूनच उभे राहिले. त्या पहाटे बाईंना पुढचे काही ठाऊक नव्हते. त्या नुसत्या बसल्या होत्या, आणि त्यांना आनंद होत होता. एवढा आनंद घ्यायलाही आपण भितो.

संध्याकाळी प्रभूने शिष्यांना होडीत बसवून पुढे पाठवले, लोकांना निरोप दिला आणि स्वतः एकटाच डोंगरावर प्रार्थनेला गेला. सकाळी हुकलेला एकांत त्याने रात्री मिळवला.

आम्हाला डोंगर नाही. चाळीची गच्ची आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून मी पहाटे पाचला शाल घेऊन वर जातो. पहिले दोन दिवस नुसती डुलकी लागली, आणि मी तीही देवाच्या हातूनच घेतली. तिसऱ्या दिवशी ती मुलगी आठवली. रविवारी वर्गात सर्वांसमोर तिची क्षमा मागितली, तेव्हा ती लाजून आईच्या मागे लपली.

नळाला पाणी सहाला येते. मग खालून हाक येते, “अहो, हंडे!” तोवर तासभर मी होडीत असतो.