यंदा तरी?

बँकेच्या शास्त्रात आशेला जागा नाही. कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की खातं 'अनुत्पादक' झालं, असा तिथला साधासरळ नियम. मग कर्जदार कितीही सज्जन असो, दर सोमवारी काउंटरपाशी येऊन "साहेब, पुढच्या महिन्यात नक्की" म्हणो, खातं अनुत्पादक ते अनुत्पादकच! गेली वीस वर्षं मी या शास्त्राचं मीठ खातो आहे. आणि रोज संध्याकाळी साडेसहाला ते शास्त्र बॅगेत डब्याशेजारी कोंबून, मारुती मंदिराजवळच्या टपरीवर बसून, आम्ही चार-पाच जण ज्या खात्याची चर्चा करतो त्याचा हप्ता १९४१ सालापासून थकलेला आहे. नव्वद दिवस नव्हे, तीस हजारांहून जास्त दिवस.

हे खातं म्हणजे रणजी करंडकातला महाराष्ट्राचा संघ.

ज्यांना क्रिकेटचा भूगोल ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. राज्य एक असलं तरी रणजीत आपले संघ तीन. मुंबईचा वेगळा, विदर्भाचा वेगळा, आणि उरलेल्यांचा तो महाराष्ट्र. घरवाटणीत थोरल्याला माडी मिळावी, दुसऱ्याला पडवी मिळावी आणि बाकीच्यांना 'सामाईक' मिळावं, तसला हा प्रकार. आमची रत्नागिरी या सामाईकात येते. म्हणजे मुलगा मुंबईला, मनीऑर्डर मुंबईची (आता ती फोनवरून येते, एवढाच फरक), लग्नाची साडी दादरची, आजारपणाला केईएम. पण क्रिकेटपुरते आम्ही पुण्याचे! नकाशा काढणाऱ्याने घाट पाहिला नसावा.

तर या आमच्या संघाने रणजी करंडक जिंकला दोनदा. १९३९-४० साली आणि लगेच १९४०-४१ साली. कर्णधार प्रा. दि. ब. देवधर. दुसऱ्या वर्षी त्यांनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. (त्या वयाच्या आसपास असलेल्या मला जिना चढताना मधल्या पायरीवर हा आकडा आठवतो.) त्यानंतर अंतिम सामना गाठला तीनदा, १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ साली. हरलो अनुक्रमे मुंबई, पंजाब आणि कर्नाटकाकडून. त्यातही १९७०-७१ ची जखम अजून ठसठसते. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर वगैरे मंडळी तेव्हा वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होती. मुंबईची माडी निम्मी रिकामी होती हो! तरी हरलो.

बरं, आमच्याकडे पराक्रम नाही असंही नाही. १९४८ साली पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विश्वविक्रमाला अवघ्या नऊ धावा कमी. तेवढ्यात समोरच्या संघाने पुढे खेळायलाच नकार दिला आणि सामना सोडून दिला. २०२२ साली विजय हजारे करंडकात ऋतुराज गायकवाडने एका षटकात सात षटकार मारले. षटकात चेंडू सहा असतात, पण एक नोबॉल पडला, म्हणून सात. पुढे अंतिम सामन्यात त्याने शतकही ठोकलं. करंडक सौराष्ट्र घेऊन गेला. आमचा संघ हा असा आहे. पंगतीत श्रीखंड येईपर्यंत सगळं व्यवस्थित, आणि वाढपी आपल्यापाशी आला की भांडं रिकामं!

तरीसुद्धा गौरी-गणपती आटोपले, पाऊस थोडा मागे हटला, रणजीच्या मोसमाची चाहूल लागली, की आमच्या टपरीवर प्रश्न निघतो. "काय हो, यंदा तरी?"

या दोन शब्दांवर तत्त्वज्ञानाचे सगळे पंथ तिथे हजर होतात. मोबाईलच्या दुकानातला पोरगा आशावादी. त्याचं म्हणणं, २०२५ साली पृथ्वी शॉ मुंबई सोडून आपल्याकडे आला, म्हणजे काळ फिरला. आजवर इथली माणसं मुंबईला जायची, आता तिथली इकडे येताहेत! गणिताचे निवृत्त मास्तर बुद्धिवादी. ते चहाची बशी खाली न ठेवता म्हणतात, "एक आला." आमचे वकीलसाहेब दृष्टान्तवादी. ते विदर्भाचा दाखला काढतात. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. साठ वर्षं त्यांना कुणी विचारलं नाही. आणि २०१७-१८ साली पहिला करंडक, पुढच्याच वर्षी दुसरा, २०२४-२५ साली तिसरा! "साठ वर्षांनी पालवी फुटते, तर ऐंशी वर्षांनी का फुटू नये?" यावर मास्तरांचं उत्तर असं, की असंच असेल तर सर्वांत जुन्या थकबाकीदाराला सर्वांत मोठं कर्ज द्यायला हवं. हे बोलताना ते माझ्याकडे पाहतात. मी चहाकडे पाहतो.

उरले एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ते फारसं बोलत नाहीत. पण गेल्या गणपतीत माझा परळचा चुलतभाऊ टपरीवर आला होता, तेव्हा ते बोलले. चुलतभाऊ मुंबईचा. म्हणजे ४२ रणजी करंडकांचा धनी. त्यातले पंधरा तर १९५८-५९ ते १९७२-७३ असे ओळीने, एकही वर्ष न चुकता. त्याने आमची चर्चा दहा मिनिटं ऐकली आणि म्हणाला, "अरे, तुमची घरं मुंबईवर चालतात, तुमची पोरं मुंबईला. मग सरळ मुंबईच्या बाजूने व्हा ना! दरवर्षी रडायचं कशाला? हरणाऱ्याला धरून बसण्यात कसला आलाय धर्म?"

प्रश्न उर्मट होता, पण खोटा नव्हता. आम्ही कोणी महाराष्ट्र संघाला वचन दिलेलं नाही. त्या संघाला आमचं नावही ठाऊक नाही. आम्ही बाजू बदलली तर गहुंज्याच्या मैदानावरचं गवतही हलणार नाही. मग ही निष्ठा कुणासाठी?

कंडक्टर म्हणाले, "गाडी बंद पडली की प्रवासी मागच्या गाडीत बसतात. कंडक्टर बसत नाही. तो गाडीपाशी थांबतो."

चुलतभाऊ म्हणाला, "पण तुम्ही कंडक्टर थोडेच आहात त्या संघाचे?"

"तिकीट काढून कुणी प्रवासी होतो. थांबून कुणी कंडक्टर होतो," कंडक्टर म्हणाले आणि त्यांनी बिडी पेटवली.

हे मला पटलं. कारण जिंकणं आणि जीव लागणं यांचा संबंध वाटतो तेवढा नाही, याचा पुरावा आमच्या गावातच आहे. २०२३ साली महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. तिच्यात आमच्या गावाच्या नावाचा 'रत्नागिरी जेट्स' संघ होता आणि त्याने २०२३ आणि २०२४ अशी पहिली दोन्ही वर्षं जिंकली. आनंद झालाच. पण टपरीवर त्याची चर्चा दोन संध्याकाळींच्या वर गेली नाही. जिंकणाऱ्याबद्दल बोलायचं तरी काय? "जिंकले." "हो, जिंकले." संपलं. पोटात तुटायला थोडी वर्षं जावी लागतात. तिकडे साहेबाच्या देशातही हीच तऱ्हा. इंग्लंडच्या फुटबॉल संघाने १९६६ साली विश्वचषक जिंकला, त्यानंतर २०२१ आणि २०२४ साली युरोपच्या अंतिम सामन्यांत हरला, पण स्पर्धा आली की त्यांच्याही टपऱ्यांवर 'यंदा तरी' चालूच असतं. फक्त त्यांच्या पेल्यात चहा नसतो.

तेव्हा हरणाऱ्या बाजूने राहणं हा मूर्खपणा नव्हे, इथवर आमचं एकमत झालं होतं. फळाची अपेक्षा न धरता केलेली एवढी एकच गोष्ट आमच्या आयुष्यात आहे, असंही वकीलसाहेबांनी सुचवून पाहिलं. (त्यांची फी आगाऊ असते.) प्रकरण इथेच मिटतं, तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं.

पण त्याच आठवड्यात एक गृहस्थ टपरीवर आले. तोंडओळखीचे. मुलगा सतरा वर्षांचा, चांगला वेगात गोलंदाजी टाकतो, शिवाजी स्टेडियमवर आम्ही त्याला पाहिलेलं. ते बाकाच्या टोकाला बसले आणि म्हणाले, "तुम्ही रोज यावर बोलता, तुम्हाला कळतं. पोरगा म्हणतो पुण्याला पाठवा, तिथे राहून खेळतो, महाराष्ट्राच्या संघात येतो की नाही बघा. राहण्याखाण्याचा खर्च मोठा. हिचं सोनं ठेवावं लागेल. ठेवू काय?"

वाचकहो, जी मंडळी दरवर्षी दोन रुपयांच्या बिस्किटावर रणजी करंडक रत्नागिरीत आणतात, त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना. मोबाईलवाल्या पोराने 'काळ फिरला' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. वकीलसाहेबांना विदर्भ आठवला असावा, पण त्यांनी तो काढला नाही. आमची आशा इतकी वर्षं बिनखर्ची होती. हरलो तर संध्याकाळ वाया, फार तर चहा गार. आज पहिल्यांदाच कुणीतरी त्या आशेवर सोनं ठेवायला निघालं होतं.

आणि तिथे मला आशेचे दोन प्रकार स्पष्ट दिसले. आपण स्वतः आशा करणं वेगळं आणि दुसऱ्याला आशा देणं वेगळं. स्वतः करायला कुणाची परवानगी लागत नाही, बुडाली तर आपलीच बुडते. पण दुसऱ्याला "जाऊ दे हो पोराला, नक्की येईल वर" असं सांगणं म्हणजे जामीन राहणं. बँकेत जामीनदाराच्या सह्या मी रोज घेतो. शेकडा नव्वद माणसं वाचल्याशिवाय सही करतात. कारण शेजारी आहे, भाऊ आहे, नाही कसं म्हणायचं! पुढे हप्ता थकला की नोटीस जामीनदारालाही जाते, तेव्हा त्याला कळतं की चांगुलपणाची सही शाईनेच केलेली असते. आशेच्या जामिनाची मात्र नोटीस कधीच येत नाही. म्हणूनच आपण तो इतका सढळ हाताने राहतो. "होईल हो सगळं नीट!" म्हणायचं आणि घरी जेवायला जायचं.

मास्तरांनी विचारायला सुरुवात केली. पोराची परीक्षा कधी? जिल्ह्याच्या संघात आहे काय? त्याच्या वयाचे किती जण तेवढ्याच वेगाने टाकतात? बाहेरच्या कुणा जाणत्याने पाहिलंय काय? उत्तरं ऐकून ते म्हणाले, "मुलगा बरा आहे. पण संघात अकरा जण असतात आणि पाठीमागे इतक्या जिल्ह्यांतली पोरं उभी असतात. मी माझं पेन्शन त्यावर ठेवणार नाही. तुमच्या घरातलं सोनं ठेवा असं कसं सांगू?"

गृहस्थांचा चेहरा उतरला. मला वाटलं, मास्तर जरा जास्तच बुद्धिवादी झाले.

तेव्हा कंडक्टर म्हणाले, "हे बघा. माझी गाडी बंद पडली तर मी गाडीपाशी थांबतो, ते माझं काम. पण प्रवाशाला 'बसा, आत्ता सुटेल' असं मी कधी सांगितलं नाही. त्याच्या घरी कुणी वाट बघत असतं. पोराचा सामना असेल तेव्हा कळवा. आम्ही पाचही जण येऊ."

पुढे सोनं गहाण पडलं की नाही? ते मला सांगता येणार नाही. बँकेचे गोपनीयतेचे नियम कडक आहेत. सोनं पडलं असेल तरी आणि पडलं नसेल तरी कडकच आहेत.

पण त्या दिवसापासून मला आमच्या बँकेच्या एका जुन्या रिवाजाचा आदर वाटू लागला आहे. वर्षानुवर्षं थकलेलं कर्ज बँक शेवटी ताळेबंदातून काढून टाकते. लोकांना वाटतं, माफ झालं. तसं नसतं. ताळेबंदात खरं ते लिहायचं, की हे पैसे येतील असं आम्ही धरत नाही. तेवढ्या नुकसानीची तरतूद करून ठेवायची. आणि कर्जदाराकडचा तगादा मात्र चालू ठेवायचा. एकाच टेबलावर एक कारकून 'येणार नाहीत' असं लिहितो आणि दुसरा 'आले काय?' असं विचारायला निघतो. दोघंही प्रामाणिक. घोटाळा होतो तो एकाचं वाक्य दुसऱ्याच्या वहीत लिहिलं की. संघावर जीव आहे म्हणून 'यंदा नक्की' असं लोकांना सांगत सुटणं ही खोटी नोंद. आणि यंदा जमणार नाही हे दिसतंय म्हणून संघच सोडणं म्हणजे वसुलीला जाणं बंद करणं. आपल्याकडे पुष्कळ घरांत, म्हाताऱ्यांच्या आजारपणात, पोरांच्या परीक्षांत, रुसलेल्या भावांच्या बाबतीत, हाच घोटाळा चालतो. खरं बोलणारा माया पातळ करतो आणि माया करणारा खोटं बोलतो. दोन्ही वह्या एका हाताने ठेवणारा माणूस विरळा. आमच्या टपरीवर असा एक आहे, आणि त्याचं शिक्षण सातवी आहे.

यंदाच्या मोसमाबद्दल म्हणाल, तर मास्तरांचा हिशेब असा, की करंडक येत नाही. त्या हिशेबात मला चूक सापडलेली नाही. तेवढी तरतूद मी मनात करून ठेवली आहे. बाकी पहिल्या सामन्याच्या दिवशी माझी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा मंजूर झालेली आहे. अर्जात कारण लिहिलंय, 'वसुलीकामी'.