साक्षीदाराचा सुगावा

माणसाच्या नीतिकल्पनेची परीक्षा मोठ्या प्रसंगांत होते असे आपण सामान्यतः समजतो. परंतु खून, विश्वासघात, देशद्रोह यांसारख्या गोष्टींविषयी माणसांची मते फारशी विभागलेली नसतात, आणि म्हणूनच त्यांवरून कोणाच्या नीतीचा तळ कळत नाही. तो कळतो तो क्षुल्लक, किंबहुना काहीशा विनोदी वाटणाऱ्या व्यवहारांत. अमेरिकेतील मोटारचालकांमध्ये गेली सुमारे पन्नास वर्षे चालत आलेला असाच एक व्यवहार येथे विचारासाठी घ्यावयाचा आहे. मोटारीच्या पुढच्या काचेजवळ एक लहानशी पेटी बसवावयाची आणि रस्त्यालगत दबा धरून बसलेल्या पोलिसाचा सुगावा आधीच मिळवावयाचा, ही या व्यवहाराची पहिली पायरी. त्या पोलिसाच्या हातातील मापनयंत्रच निकामी करावयाचे, ही दुसरी. पहिल्या उपकरणाला रडार डिटेक्टर म्हणतात, दुसऱ्याला लेझर जॅमर.

या दोन पायऱ्यांमधील अंतर समजण्यासाठी यंत्रांची थोडी ओळख करून घेणे अवश्य आहे. ध्वनी वा प्रकाश यांचे उगमस्थान हलते असेल तर त्यांच्या लहरींची वारंवारता बदललेली जाणवते, हा सिद्धान्त ख्रिस्तियान डॉप्लर याने १८४२ मध्ये मांडला. पोलिसांचे रडार त्यावरच चालते. ते रेडिओलहरी सोडते, धावत्या गाडीवरून परतलेल्या लहरींतील फरक मोजते आणि वेग सांगते. मात्र मोजमापासाठी लहरीला जाऊन परत यावे लागते. डिटेक्टरला ती केवळ एकेरी प्रवासात गाठावयाची असते. परतीच्या वाटेवर प्रतिध्वनी क्षीण होऊन पोलिसाच्या कामी येत नाही अशा अंतरावरही मूळ लहर डिटेक्टरपर्यंत पुरेशा जोराने पोहोचते. चोराला पावलांचा आवाज आधी ऐकू येतो तो या साध्या भौतिक कारणामुळे. १९९०च्या दशकात पोलिसांच्या हाती लेझरची बंदूक आली आणि हा डाव पालटला. तिचा अवरक्त किरण अरुंद असतो. तो एकाच गाडीवर रोखता येतो, आणि डिटेक्टर किंचाळतो त्या क्षणी बहुधा वेग मोजूनही झालेला असतो. ऐकण्याला काही अर्थ उरला नाही, तेव्हा समोरच्याला गोंधळात पाडण्याची युक्ती आली. जॅमर स्वतःचे प्रकाशस्पंद बंदुकीकडे फेकतो आणि तिला वाचन करू देत नाही.

कायद्याने या प्रकाराकडे पाहिले ते काहीशा गोंधळलेल्या नजरेने. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत खाजगी मोटारीत डिटेक्टर बाळगणे हा गुन्हा नाही. व्हर्जिनिया राज्य आणि राजधानी वॉशिंग्टन हे त्यास प्रमुख अपवाद. जड व्यापारी वाहनांना मात्र तो देशभर निषिद्ध आहे. रडारमध्ये व्यत्यय आणणारे यंत्र रेडिओलहरी सोडते म्हणून संघराज्याच्या कायद्याने सर्वत्र बंद आहे. लेझरचा जॅमर प्रकाश सोडतो, तेव्हा तो त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला आणि कॅलिफोर्निया, टेक्सास आदी काही राज्यांनी त्याला स्वतंत्रपणे बंदी केली. व्हर्जिनियाच्या पोलिसांनी डिटेक्टर शोधणारे यंत्र वापरात आणले, कारण डिटेक्टरच्या पोटातून स्वतःच्याच मंद लहरी पाझरत असतात. त्यावर उत्पादकांनी त्या लहरी लपवणारे डिटेक्टर काढले. पाहणाऱ्याला पाहणारा, आणि त्यालाही पाहणारा, अशी ही साखळी. एखाद्या प्रहसनकाराला याहून अधिक साहित्य लागू नये.

परंतु डिटेक्टर बाळगणाऱ्याची बाजू प्रहसनात काढून टाकण्यासारखी नाही. ती नीट ऐकली पाहिजे. १९७३च्या तेलसंकटानंतर, २ जानेवारी १९७४ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली त्याने संपूर्ण देशाला ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा लागू झाली. हेतू होता इंधनाच्या बचतीचा. मैलोन्‌मैल निर्मनुष्य, सरळसोट महामार्गावर, त्याहून अधिक वेगासाठीच आखलेल्या रस्त्यावर ही मर्यादा लोकांना जाचक वाटली. ‘फझबस्टर’सारखे डिटेक्टर घरोघरी पोहोचले ते याच दशकात. १९८७ मध्ये ग्रामीण महामार्गांपुरती मर्यादा ६५ मैलांपर्यंत वाढवण्यास मुभा मिळाली आणि १९९५ मध्ये राष्ट्रीय मर्यादाच रद्द झाली. म्हणजे ज्या नियमापासून लोक लपत होते तो नियम शेवटी राज्यकर्त्यांनाच टिकवावासा वाटला नाही.

दुसरा मुद्दा अधिक बोचरा आहे. ओहायो राज्यात कोलंबस शहराच्या पश्चिमेस न्यू रोम नावाचे जेमतेम साठ वस्तीचे एक खेडे होते. त्यातून जाणाऱ्या रस्त्यावरील ताशी ४५ मैलांची मर्यादा गावाच्या हद्दीत एकाएकी ३५ वर येई, आणि तिथे पोलीस उभा असे. वाहतुकीचा दंड हाच गावाच्या उत्पन्नाचा आधार होऊन बसला होता. २००४ मध्ये ते गाव एक स्वायत्त संस्था म्हणून विसर्जित करण्यात आले. अशा ठिकाणी नियम कोणाच्या रक्षणासाठी आहे, असे प्रवाशाने विचारले तर त्यात उद्दामपणा दिसत नाही. सापळा लावणाऱ्याने सावजाला नीती शिकवू नये.

तिसरा मुद्दा स्वातंत्र्याचा. आकाशातून सर्वांवर पडणाऱ्या लहरी ऐकणे हा अपराध कसा, असे डिटेक्टरचे समर्थक विचारतात. इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढे १९९८ मध्ये हाच प्रश्न वेगळ्या वेषात आला होता. रडारच्या लहरींत कोणताही ‘संदेश’ नसतो, तेव्हा त्यांचे अस्तित्व टिपणे हा १९४९च्या बिनतारी कायद्याखालील गुन्हा ठरत नाही, असा निर्णय झाला. त्याच देशात जॅमर वापरणाऱ्यांना मात्र न्यायप्रक्रियेत विकृती आणल्याच्या आरोपाखाली शिक्षा झाल्या आहेत. हा भेद केवळ कायद्याच्या शब्दांतून निघालेला नाही. त्यामागे एक सुजाण नैतिक जाणीव आहे. साक्षीदार येत आहे हे ओळखून सावध होणे वेगळे, आणि साक्षीदाराच्या डोळ्यांत धूळ फेकणे वेगळे. पहिल्यात आपण स्वतःचे वर्तन बदलतो, दुसऱ्यात सत्याचे स्वरूप बदलू पाहतो. जॅमर धरणाऱ्याला आपला वेग कमी करावयाचा नसतो. आपला वेग किती होता हे जगात कोठेही नोंदले जाऊ नये एवढेच त्याला हवे असते. म्हणून जॅमरचा निवाडा सोपा आहे. अवघड आहे तो डिटेक्टरचा.

अदृश्यतेचा प्रश्न तत्त्वज्ञानाला नवा नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये ग्लॉकन हा गायजीझच्या अंगठीची कथा सांगतो. अंगठी फिरवताच माणूस दिसेनासा होतो. मग न्यायी आणि अन्यायी यांच्या वागण्यात काही फरक उरेल काय, असा त्याचा सवाल आहे. आपल्याकडच्या एका जातककथेत याच प्रश्नाला दुसऱ्या अंगाने हात घातलेला आढळतो. आचार्य शिष्यांना सांगतो की कोणी पाहणार नाही अशा रीतीने वस्तू चोरून आणा. सारे काही ना काही आणतात. एकटा बोधिसत्त्व रिकाम्या हाताने परततो, कारण कोणी पाहत नाही अशी जागाच त्याला सापडत नाही. तो स्वतः तर पाहत असतोच. कर्नाटकात कनकदासाविषयी केळ्याची जी कथा सांगतात तिचाही आशय हाच. महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतला दुष्यंताला भर सभेत सुनावते तेही असेच: आपण एकटे होतो या भ्रमात राहू नकोस, हृदयात एक पुराणमुनी बसलेला आहे. ग्रीक कथेने साक्षीदार नाहीसा करून पाहिला. भारतीय कथांनी तो नाहीसा करता येतो हे गृहीतकच नाकारले.

डिटेक्टर या दोन्हींपेक्षा निराळा आहे, आणि त्याचे नैतिक स्वरूप आधुनिक आहे ते यामुळेच. तो चालकाला अदृश्य करीत नाही. साक्षीदार कोठे आहे आणि कोठे नाही एवढेच तो सांगतो. पेटी वाजली की पाऊल ब्रेकवर जाते. पेटी गप्प झाली की पुन्हा वेग चढतो. या काळात चालकाचे लक्ष कशावर असते? वळणावर, पावसाने निसरड्या झालेल्या डांबरावर, कडेने सायकल चालवणाऱ्या मुलावर असावयास हवे ते पेटीवर असते. वेगमर्यादेमागचे खरे कारण म्हणजे रस्त्यावरचा दुसरा माणूस. पेटीने त्याच्या जागी दंड आणून बसवला. पोलीस नसलेला रस्ता आणि माणूस नसलेला रस्ता या दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मनाला शिकवणारे हे यंत्र आहे. त्याचा दोष लहरी ऐकण्यात नाही, या शिकवणुकीत आहे.

हे उपकरण मुळात अन्यायी कायद्याविरुद्धचे बंड आहे, असे यावर म्हटले जाईल. या दाव्याची परीक्षा घेण्यास दोन उदाहरणे पुरेशी आहेत. थोरोने १८४६ मध्ये कर भरावयाचे नाकारले आणि तो उघडपणे तुरुंगात गेला. गांधीजींनी १९३० मध्ये मिठाचा कायदा मोडण्यापूर्वी व्हाइसरॉयला पत्र लिहून आपला बेत आधीच कळवला. सविनय कायदेभंगात कायदा मोडणारा शासनाला आपला सुगावा देतो. डिटेक्टरमध्ये तो शासनाचा सुगावा घेतो. एकात शिक्षा स्वीकारून कायद्याची लाज काढली जाते, दुसऱ्यात कायदा जसाच्या तसा राहतो आणि पेटी विकत घेण्याची ऐपत असलेला तेवढा सुटतो. जी गोष्ट जाहीर करताच निष्फळ ठरते तिच्या न्याय्यतेविषयी संशय घ्यावा, असे सूत्र कांटने १७९५च्या आपल्या शांतिविषयक निबंधात सार्वजनिक व्यवहारासंबंधी मांडले होते. त्या कसोटीवर ही पेटी टिकत नाही.

परंतु कांटची हीच कसोटी शासनालाही लावली पाहिजे; नाहीतर आपला विचार एकांगी होईल. झुडपाआड लपलेला पोलीस तरी जाहीरपणा कोठे सहन करतो? गाड्या हळू जाव्यात हे त्याचे उद्दिष्ट असेल तर त्याने दिसावे. गाड्या पकडल्या जाव्यात हे असेल तर त्याने लपावे. शासन लपले की नागरिकही लपण्याची कला शिकतो, आणि कायदा हा दोघांमधला लपंडाव होतो. फ्रान्सने २०१२ मध्ये कॅमेऱ्यांच्या जागा दाखवणाऱ्या उपकरणांवर बंदी घातली, परंतु ‘धोक्याचा टापू’ असल्याची सूचना देणारी उपकरणे चालू दिली. वरवर ही शब्दांची कसरत वाटेल. पण पोलिसापासून सावध राहा याऐवजी धोक्यापासून सावध राहा असे सांगणे म्हणजे नियमाला त्याचे हरवलेले कारण परत मिळवून देणे होय. अमेरिकेत मिसुरी राज्यातील एका संघीय न्यायालयाने २०१४ मध्ये, समोरून येणाऱ्याला दिव्यांची उघडझाप करून पोलिसाची सूचना देणे हे भाषणस्वातंत्र्यात मोडते असे मानले. त्याला हळू चला असेच तर सांगितले जाते, ही त्यामागची भूमिका. एकमेकांना जाहीरपणे दिलेली सूचना आणि एकट्याने विकत घेतलेली सूचना यांत निश्चित अंतर आहे. तथापि भ्रमणध्वनीवरील ‘वेझ’सारख्या नकाशांनी हे अंतरही पुसट केले. आता प्रत्येक प्रवासी दुसऱ्याचा डिटेक्टर झाला आहे. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनी गूगलकडे पत्राने हरकत घेतली ती याच कारणासाठी.

आपल्या रस्त्यांवर ही पेटी फारशी दिसत नाही; दिव्यांची उघडझाप मात्र प्रत्येक घाटात ओळखीची आहे, आणि कॅमेऱ्याजवळ मंदावून पुढे सुसाट सुटणारी गाडीही. म्हणून हा परक्या देशाचा विनोद म्हणून सोडून देता येत नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या सदरात आहे. वेग सव्वापट झाला की आघाताची ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. हे गणित पोलीस उपस्थित असला काय आणि नसला काय, बदलत नाही. निसर्गनियमाला लपूनही बसावे लागत नाही, आणि त्याला चकवणारा जॅमरही निघालेला नाही.

तरीही या गणितावर सारा भार टाकणे मला अपुरे वाटते. भीतीच हवी असेल तर दंडाची काय आणि मृत्यूची काय, दोन्ही भीतीच. जातकातील तो शिष्य रिकाम्या हाताने परतला तो कशाच्याही भीतीने नव्हे. स्वतःची नजर त्याला टाळता आली नाही म्हणून. रस्त्यावर ही नजर ठेवावयाची म्हणजे काय, याचे उत्तर फार गूढ नाही. ज्याला आपण ओळखत नाही, ज्याची आपली पुन्हा गाठ पडणार नाही, असा एक माणूस पुढच्या वळणापलीकडे रस्ता ओलांडत असेल हे गृहीत धरून पाऊल हलके करणे, एवढाच तिचा अर्थ. त्या माणसाकडे रडार नसते, तो कोणतीही लहर सोडत नाही, आणि त्याच्या अस्तित्वाची सूचना देणारी पेटी अद्याप कोणी विकावयास काढलेली नाही. त्याचा सुगावा ज्याचा त्यालाच लागावा लागतो.